न मावलेलं अक्षर

आठ नंबरच्या सायकलची चेन पडायची.

व ला चार बोटं जागा लागते. काना धरून साडेपाच.

लोहगडवाडीतल्या एका टपरीवर अजून त्याच्या हातची पाटी आहे, ‘पिठलं भाकर मिळेल’. भाकरमधला र शेवाळानं खाल्लाय. लोक तरी भाकरच मागतात.

सदर महिला रस्त्याच्या डाव्या बाजूने पायी जात असताना.

पाइप. चार इंची, करडी, कौलांच्या पन्हाळीतून खाली आलेली.

बिस्मिल्ला म्हणते, गावच्या भिंती बोलक्या केल्या, घरातली मुकीच ठेवलीत.

“काका, चालताना मात्र उजवीकडून चालायचं.”

हे शेवटचं वाक्य लोणावळ्यात, बाजारामागच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी बोललं गेलं. बोलणारी मुलगी समीक्षा, तळेगावची, पंचविशीची, पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या सुरक्षेसाठी मोहीम चालवणाऱ्या संस्थेत नोकरी करणारी. ऐकणारा इर्शाद पेंटर, कामशेतचा, सहासष्ट वर्षांचा. मोहिमेला फ्लेक्स नको होते, हाताने रंगवलेले फलक हवे होते, आणि हातानं रंगवणारा माणूस या पट्ट्यात शोधायला गेलं की लोक इर्शादचंच नाव सांगत. सहा फलक त्याने टेम्पोतून आणले होते. ते भिंतीला टेकवून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर चाळीस-पन्नास माणसं खुर्च्यांवर बसली होती: रिक्षावाले, शिक्षिका, दोन-तीन हॉटेलवाले, भुशीच्या रस्त्यावर कणसं भाजणाऱ्या बायका. समीक्षाने त्याच्या हातात चांदीसारखी चमकणारी एक पट्टी दिली, म्हणाली, सायकलच्या मागच्या मडगार्डला लावा, अंधारात दिसाल. आणि मग सगळ्यांकडे वळून, पण हात त्याच्याच खांद्यावर ठेवून, ती म्हणाली की सायकल असेल तर डावीकडून, पण पायी असाल आणि फूटपाथ नसेल, तर उजवीकडून. म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. गाडीकडे पाठ करायची नाही. “काका, चालताना मात्र उजवीकडून चालायचं.” लोक हसले, कारण काका तिच्याकडे बघतच राहिले होते. एक कणीसवाली म्हणाली, “आमी तर मधूनच चालतो बाई, दोन्ही कडंला गाड्याच हैत.” पुन्हा हसू. इर्शाद हसला नाही. त्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं आपोआप हवेत थोडी वर उचलली गेली होती, काना ओढताना उचलतात तशी.

सभा संपल्यावर ती त्याच्याजवळ आली. चहाचा कागदी कप, चष्म्यावर वाफ. म्हणाली, पवनेच्या रस्त्यावर त्या शाळेची भिंत आहे ना, सायकलचं चित्र असलेली, ती तुमच्याच हातची आहे म्हणे. मी फोटो काढलाय. किती गोड आहे हो. तिने मोबाइल दाखवला. मोबाइलमध्ये भिंत तळहाताएवढी होती आणि तरी तिच्यावरचं वाचता येत होतं. सायकलचं चित्र, आणि मग: नेहमी डावीकडून चाला. समीक्षा म्हणाली, पण हे चुकीचं आहे ना काका, चालणाऱ्याला डावीकडून सांगितलंय. इर्शाद म्हणाला, “त्या वेळी तसंच होतं.” आणि हे खोटं होतं. चहा गरम होता, तो त्याने एका घोटात प्यायला. ती म्हणाली, मग आता तुम्हीच बदला, पुढच्या आठवड्यात. तो म्हणाला, बदलतो. हो म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं की भिंत बदलायची तर आधी त्या गावच्या बाजीरावला, आपल्या लहानपणच्या दोस्ताला, सांगावं लागेल. सांगायचं ते सहा वर्षं राहिलं होतं. खरं तर पस्तीस.

नेहमी.

परतीच्या सहा आसनी रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि रस्त्याच्या डाव्या कडेने चालणारी माणसं मोजू लागला. वलवणच्या पुढे दोन. मग एक म्हातारा, काठी. मग शाळेच्या तीन मुली, रविवारी कुठल्या शाळेच्या, क्लासच्या असतील. सगळ्यांच्या पाठी. त्याला एकाही माणसाचं तोंड दिसत नव्हतं. हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, की आपल्या मुलखात पायी चालणारा माणूस गाडीतून पाहिला तर तो नेहमी पाठमोरा असतो. पूर्वीही चालायचं ते येणाऱ्या गाडीकडे पाठ करूनच. त्यात काही नव्हतं. मागून येणारी गोष्ट आधी ऐकू यायची. बैलगाडीची कुरकुर नाणे गावच्या ओढ्यापासून ऐकू येई. एसटी एकच, तिचा आवाज चढावर बदले आणि बायका बोलता बोलता कडेला होत, बोलणं न तोडता. आणि सायकलची घंटी. बापाच्या दुकानातल्या प्रत्येक सायकलची घंटी वेगळी वाजे, आणि अब्बा आत पंक्चर काढता काढता, मान वर न करता म्हणत, पाच नंबर आली. राजमहंमद यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान, कामशेत स्टेशनसमोर, चौदा सायकली. मडगार्डवर नंबर टाकायचे होते म्हणून दहा वर्षांच्या इर्शादच्या हातात अब्बांनी पांढरा ऑइलपेंट आणि शेपटीच्या केसांचा एक ब्रश दिला. ते त्याचं पहिलं लिहिणं. एक ते चौदा. आठचं पोट त्याने इतकं गोल काढलं की अब्बा म्हणाले, ही गाभण आहे का? म्हणूनच तिची चेन पडते. आठ नंबर नेहमी बाजीराव नेई. पवनेच्या रस्त्यावरच्या त्या गावातून तो पायी तीन किलोमीटर येई, तासाभराकरता आठ नंबर घेई, दांड्याखालून पाय घालून तिरका तिरका चालवी, आणि चेन पडली की ग्रीसनं काळे झालेले हात दाखवत परत येई. “चाच्या, चेन पडली त्याचा येळ धरायचा न्हाई.” अब्बा म्हणत, “बरं बाबा. चेनचा वेळ माझा, सायकलचा तुझा.”

रिक्षावाल्याने ब्रेक मारला. म्हातारी. डाव्या कडेला, पाठमोरी, डोक्यावर पाटी. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तशी ती दचकली आणि आणखी डावीकडे सरली, जिथे आणखी डावीकडे जागाच नव्हती, गटार होतं. इर्शादने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतही ती डावीकडेच होती.

येसूबाई बाजीरावची बायको. मेली तेव्हा एकोणसाठ वर्षांची. पावसाळ्यातला शनिवार होता, धरणाकडे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. येसूबाई कामशेतहून बाजार करून येत होती, पायी, वळणावर, आणि मागून एक गाडी आली. पंचनामा बाजीरावने त्यालाच वाचायला दिला होता. चष्मा सापडत नाही म्हणाला. पंचनाम्यातलं ते वाक्य इर्शादने मोठ्याने वाचलं आणि अर्ध्यावर थांबला. सदर महिला रस्त्याच्या डाव्या बाजूने पायी जात असताना. बाजीराव म्हणाला, “म्होरं वाच.” पुढे पाठीमागून होतं, भरधाव होतं, जागीच होतं. इर्शादला ती पुढची अक्षरं दिसतच नव्हती. डाव्या बाजूने. डाव्या. सरकारी टाइपातला ड, पोट चेपलेला. त्याच्या हातचा ड असा कधीच नव्हता. त्या वेळी अंगणात बसलेल्या बायकांपैकी कुणी तरी म्हणालं, तिची चूक न्हवती, ती कायम डावीकडंच चालायची. बाजीराव म्हणाला, “घरात बी डाव्या अंगानीच वावरायची. भितीवर लिवलंय म्हनायची.” आणि तो रडता रडता जरासा हसला, आणि इर्शादकडे बघून हसला, कारण भिंत इर्शादची होती. ते हसू इर्शाद सहा वर्षं खिशात घेऊन फिरतोय.

जागा नव्हती.

हे तो स्वतःला लगेच सांगतो. ते वाक्य आणि मोजमाप त्याच्याकडे तयार असतं. भिंत अठरा फूट. मोठ्या गुरुजींनी दिलेल्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं होतं: सायकल नेहमी डावीकडून चालवा. नव्वद साल, मार्च महिना. शाळेत सायकलवरून येणारी पोरं वाढली होती, तालुक्याहून रस्ता सुरक्षेचं परिपत्रक आलं होतं, आणि प्रत्येक शाळेने एक घोषवाक्य रंगवायचं होतं. कागदावर काय, बोटभर जागेत सगळं मावतं. भिंतीवर पेंटरने हिशेब करायचा असतो. सायकल हा शब्द त्याने लिहिलाच नाही, त्याच्या जागी सायकल काढली: आठ नंबरची, मडगार्डावर आठचा आकडासुद्धा, गोल पोटाचा. मग निळीत बुडवलेला दोरा ताणून दोन ओळी मारल्या आणि नेहमी लिहिलं, डावीकडून लिहिलं, आणि चालवा लिहिता लिहिता शेवटी पाइप आली. कौलांवरचं पाणी खाली आणणारी चार इंची पाइप, भिंतीच्या उजव्या टोकाला. व ला चार बोटं, काना धरून साडेपाच. नव्हती जागा. तर त्याने व खाल्ला. चालवाचं चाला झालं. आणि गंमत अशी की वाक्य अडखळलंच नाही. दुसऱ्या कुठल्या शब्दातला एक व काढा, शब्द लंगडा होतो, कुणी तरी बोट दाखवतं. इथे शब्द लंगडा झाला नाही, चालायला लागला. सायकलवाल्याला सांगितलेली गोष्ट पायी चालणाऱ्याला सांगितली गेली, आणि कुणालाच काही वाटलं नाही. मोठे गुरुजी बाहेर येऊन चष्मा पुसून बघत राहिले आणि म्हणाले, वा. वा, पेंटर. नेमका तो व तेवढा भिंतीवर नव्हता.

पस्तीस वर्षं पोरं त्या भिंतीसमोर प्रार्थनेला उभी राहिली. हजार दीड हजार पोरं असतील. ती डावीकडून चालत घरी गेली, मोठी झाली, त्यांनी आपल्या पोरांना डावीकडून चालायला शिकवलं. त्यातल्या कुणाचं काय झालं हे इर्शादने कधी शोधलं नाही. पेपरातल्या अपघातांच्या पानावर तो भाकरी ठेवी.

घरी आला तेव्हा त्याची बायको बिस्मिल्ला ओट्यावर गवार मोडत होती. त्याने हातातली चमकती पट्टी तिला दाखवली. ती म्हणाली, “हे काय, दागिना?” तो म्हणाला, सायकलला लावायची. “सायकलला दागिना. मला पत्र्याची डबी.” मग त्याचा चेहरा बघून तिने गवार बाजूला सारली. “काय झालं?” तो म्हणाला, शाळेची भिंत पुन्हा रंगवायची आहे. बिस्मिल्लाला पस्तीस वर्षांत त्याने हे सांगितलेलं नव्हतं आणि तिने विचारलेलं नव्हतं, पण ती म्हणाली, “मग आधी बाजीरावभाऊंकडं जा. भिंतीकडं नंतर.” तो म्हणाला, का? ती म्हणाली, “का म्हणजे? भिंत कुणाच्या गावात आहे?” एवढंच. पण ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

तो बाजीरावकडे गेला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी निघाला आणि पुलापर्यंत जाऊन परत आला. पुलावर तो उजवीकडून चालून बघत होता. विचित्र वाटतं. सगळ्या गाड्या अंगावर येतात. प्रत्येक ड्रायव्हरचं तोंड दिसतं: कुणी फोनवर बोलतोय, कुणी जांभई देतोय, एकजण केळं खात होता. इतकी तोंडं एका रस्त्यावर असतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, येसूबाईला तोंड दिसलं असतं. दिसलं असतं तर ती बाजूला झाली असती, शिवी दिली असती, तिच्या शिव्या फार चांगल्या होत्या. अर्ध्या पुलावर एका मोटरसायकलवाल्याने त्याला ओरडून सांगितलं, “आबा, साइड चुकली तुमची.” इर्शाद मान हलवत म्हणाला, “व्हय रे बाबा, चुकली.”

डा. वी. क. डू. न.

असं ती म्हणत होती. त्या मार्चच्या सकाळी. हे त्याला आठवतं तेव्हा पाइप आठवत नाही, पाइप आठवते तेव्हा हे आठवत नाही. दोन्ही एका भिंतीवरच्या गोष्टी, पण एका वेळी एकच दिसते. येसूबाई तिशीची, विहारात चालणाऱ्या प्रौढांच्या वर्गात नुकती जायला लागलेली. शिका असं सांगून गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर आणि आपण अंगठा उठवायचा, याची तिला लाज वाटायची, असं तिनेच नंतर सांगितलं होतं. त्या दिवशी ती शाळेला पाणी भरायला आली होती, कारण बाजीराव शाळेत शिपाई होता आणि त्याला तालुक्याला पाठवलं होतं. कडेवर कळशी, आणि ती थांबली, कळशी खाली ठेवायची विसरून. त्याचा ब्रश पुढे जाई आणि ती मागून येई, एक एक अक्षर उचलत, जशी पोरं सांडलेल्या गोट्या उचलतात. ने. ह. मी. “नेहमी,” असं ती म्हणाली, स्वतःशीच, आणि पुन्हा म्हणाली. डा. वी. क. डू. न. तोवर ऊन भिंतीवर आलं होतं, ऑइलपेंटचा वास आला होता, आणि त्याला पाठीमागे तिचा श्वास ऐकू येत होता. तो मुद्दाम हळू रंगवू लागला. चा. ल. ल चा शेवटचा दांडा खाली आणून त्याने ब्रश रंगात बुडवला, पुढे व काढायचा म्हणून, आणि तेवढ्यात तिने त्याला गाठलं. पहिल्यांदाच ती त्याच्या ब्रशच्या पुढे गेली. “चाला,” ती म्हणाली. “डावीकडून चाला. पेंटरभाऊ, डावीकडून चाला. बरोबर हाय का?” त्याने वळून पाहिलं. तिच्या कडेवरची कळशी तिरकी झाली होती आणि लुगड्यावर पाणी सांडत होतं आणि तिला कळत नव्हतं. आयुष्यात कुणी एवढं पुढे होऊन त्याच्या हातचं काही वाचलेलं नव्हतं. नंतरही नाही.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

आणि ल ला काना दिला.

मग शिरोरेषा. ती तो नेहमी शेवटी ओढतो. एकदा ती ओढली की शब्द बंद, आत काही घालता येत नाही.

जागाही नव्हतीच. पाइप होती ना.

रविवारी सकाळी त्याने सायकल काढली, कॅरियरला रंगाचे डबे बांधले, मागच्या मडगार्डला ती पट्टी आधीच चिकटवली होती, आणि पवनेच्या रस्त्याने निघाला. सायकलवर असल्यामुळे डावीकडून. शाळेला सुट्टी. आवारात फक्त एक कुत्रं आणि हापशाची टपटप. भिंत जवळून पाहिली तर अक्षरांना तडे गेले होते, पण काळा रंग टिकला होता. त्या वेळी रंगात भेसळ नव्हती आणि त्याच्या मनगटात कंप नव्हता. त्याने बादलीत चुना कालवला आणि कालवत राहिला. चुना कालवणं कधीच संपलं होतं.

बाजीराव आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हातात घरचा चहाचा डबा, पायात रबरी चपला, आणि तो रस्त्याच्या डाव्या कडेने, हळू, पाठीमागे न बघता आला. इर्शादने त्याला रस्त्यावर लांबून येताना पाहिलं, आणि त्याच्या मागून येणारी पांढरी गाडी पाहिली, आणि ती निघून जाईपर्यंत चुन्याची काठी धरून उभा राहिला.

“जय भीम, पेंटर. पुसतुयास व्हय?”

“ये. बस.”

बाजीराव कट्ट्यावर बसला. डब्याच्या झाकणात चहा ओतला. “लय गोड झालाय. सूनबाईला वाटतं म्हाताऱ्याला लवकर धाडावं.” मग भिंतीकडे बघत तो म्हणाला, “मी रोज येतो हितं. तुला म्हाईत न्हसंल. सकाळच्याला. येऊन येकदा वाचतो आन् जातो.”

इर्शादला हे माहीत नव्हतं.

“त्या पोरीनी सांगितलं मला,” बाजीराव म्हणाला. “मोहिमेवाल्या. गावात आलती घरोघरी. आता उजवीकडनं चाला म्हनं. समोरनं गाडी दिसली पायजे.” तो चहा प्यायला. “येसूला दिसली न्हाई.”

हापशाचं पाणी टपटपत होतं. इर्शादने काठी बादलीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. सांगायला त्याने सहा वर्षांत अनेक सुरुवाती जुळवल्या होत्या आणि त्यातली एकही आता हाताशी नव्हती.

“बाजीराव, ह्या भिंतीवर ते लिहायचंच नव्हतं.”

“काय लिवायचं न्हवतं?”

“चालवा लिहायचं होतं. सायकल चालवा. सायकल डावीकडून चालवा. मी एक अक्षर गाळलं. चालणाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.” त्याचा आवाज भिंतीवरून परत आल्यासारखा त्यालाच ऐकू येत होता. “ती ते वाचून चालायची. तू म्हणालास ना. भिंतीवर लिहिलंय म्हणायची.”

बाजीराव भिंतीकडे बघत होता, सायकलच्या चित्रापासून सुरुवात करून, डावीकडून उजवीकडे, नजर अक्षरा-अक्षरावर टेकवत. चाला या शब्दाशी ती बराच वेळ थांबली.

“का गाळलं?” त्याने विचारलं.

“जागा नव्हती. ही पाइप होती ना मध्ये. साडेपाच बोटं लागतात.”

बाजीरावने पाइपकडे पाहिलं. करडी पाइप, दोन क्लँप, खालचा गंजलेला. मग इर्शादकडे पाहिलं. मग त्याने झाकणातला उरलेला चहा मातीत ओतला, झाकण धोतराच्या सोग्याला पुसलं आणि डब्याला घट्ट बसवलं.

“व्हय,” तो म्हणाला. “पाइप हाय खरी.”

कुत्रं उठलं, अंग झाडून पुन्हा तिथेच बसलं. बाजीराव म्हणाला, “ती त्या दिशी घरला आली आन् मला म्हनली, मी आज वाचलं. मी म्हनलं काय वाचलं? तर सांगंना. मला हाताला धरून हितं आनलं. सांजचं. रंग वला हुता, बोट लावलं तर मला हानलं तिनी.” त्याने कट्ट्यावरचा खडा उचलून बाजूला ठेवला. “मंग रोज कायबाय वाचायची. एसटीची पाटी, औषिदाची बाटली, लगीनपत्रिका. माझ्याहून चांगलं. तिनी वाचलं नसतं तर ती काय चालायची र्‍हायली असती का? डावीकडनंच चालली असती. आख्खा गाव डावीकडनं चालतो. मी बी आत्ता तसाच आलो.”

“मी बघितलं.”

“मंग.”

इर्शाद चुन्याचा ब्रश घेऊन सायकलच्या चित्रासमोर उभा राहिला. आठचं गोल पोट. त्याने विचारलं, “सगळं पुसू?” बाजीराव म्हणाला, “सगळं कशापायी? उजवीकडून चाला, असंच लिवायचं हाय ना? मंग डा तेवढा पूस. वीकडून चाला हाय तसं र्‍हाऊ दे.”

इर्शादने भिंतीकडे पाहिलं. पन्नास वर्षं अक्षरं रंगवून ही गोष्ट त्याला दिसली नव्हती. डा गेला आणि उज आलं की झालं. गाळलेल्या अक्षरामुळे वाक्य चुकलं होतं. ते अक्षर गाळलेलं होतं म्हणूनच आता ते बरोबर होणार होतं. त्याने नेहमी आणि डा वर चुना मारला, सायकलवरही मारला, सायकल जाताना पहिल्यांदा चाकं गेली आणि शेवटी घंटी. चुना वाळेपर्यंत दोघे कट्ट्यावर बसले आणि बाजीराव आठ नंबरच्या चेनबद्दल बोलला. अब्बांनी ती चेन कधी बदललीच कशी नाही याबद्दल. इर्शाद म्हणाला, बदलली असती तर तू दुसरी सायकल घेतली असतीस. बाजीराव म्हणाला, “खरंय. चेन पडायची म्हनून तर तासाचा दीड तास व्हायचा.”

मग त्याने नेहमी पुन्हा लिहिलं, जरा डावीकडे सरकवून, आणि उज लिहिलं. उ ची शेपटी वाकडी झाली. सायकल होती तिथे, चालणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं म्हणून समीक्षाने कागदावर एक आकृती दिली होती, रेल्वेच्या पाटीवर असते तशी, गोल डोकं आणि काठ्यांचे हातपाय. इर्शादने ती काढायला घेतली आणि ती आपोआप लुगड्यात गेली. बाजीरावने मान तिरकी करून बघितलं.

“ही कोन?”

“कुणी नाही. चालणारी.”

“डोईवर पाटी द्ये मंग. मोकळी कशाला चालंल?”

त्याने पाटी दिली. तोंड त्याने रस्त्याकडे वळवलं, येणाऱ्या गाड्यांकडे.

खाली एक ओळ मोकळी राहिली होती. तिथे त्याने, कागदावर नसताना, निळीचा दोरा पुन्हा ताणला. एक टोक बाजीरावने धरलं. त्याने लिहिलं: सायकल डावीकडून चालवा. शब्द लिहूनच लिहिला, चित्र काढलं नाही. चा. ल. ब्रश बुडवला. या वेळी त्याच्या पुढे कुणी वाचलं नाही. त्याने व काढला, आणि व ला काना. अक्षर पाइपच्या अलीकडे, चार बोटं जागा सोडून, आरामात बसलं.

“बसलं की,” बाजीराव म्हणाला.

“बारीक काढलं.”

“व्हय. बारीक काढलं आसशील.”

इर्शादने शिरोरेषा ओढली. उन्हात रंग लवकर धरत होता. बाजीरावने चहाचा डबा उचलला, भिंतीसमोर उभा राहून दोन्ही ओळी वाचल्या, ओठ हलवत, आणि मग फाटकाबाहेर जाऊन रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत, घराकडे निघाला. एका गाडीने त्याला हॉर्न दिला. त्याने तिला हात केला.

ती पाइप भिंत रंगवल्यानंतर दोन वर्षांनी, एकोणीसशे ब्याण्णवच्या मे महिन्यात बसवली. क्लँप बाजीरावने ठोकले आणि शिडी इर्शादने धरली होती.